हौशी धावकाची चुरस

ज्या शर्यतीत पहिला येण्याची शक्यता वीस-पंचवीस जणांपलीकडे कोणालाच नसते, आणि ही गोष्ट उरलेल्या हजारो स्पर्धकांना नाव नोंदवितानाच पुरती ठाऊक असते, तिला शर्यत का म्हणावे, असा प्रश्न एखाद्या तर्ककर्कश गृहस्थाने उपस्थित केला तर त्याला सरळ उत्तर देणे कठीण आहे. मुंबईत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, उजाडण्यापूर्वी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात छातीवर क्रमांक टाचून जो समुदाय उभा असतो, त्यात बँकेतले अधिकारी असतात, शिक्षिका असतात, पोलीस शिपाई असतात, सूनबाईंनी हौसेने आणून दिलेले बूट घातलेले पेन्शनर असतात. यांतील कोणाचाही इनामाशी संबंध येणार नसतो, आणि तसे ते स्वतःच हसत हसत सांगतात. ‘आपण काय, मजेसाठी पळतो,’ हे त्यांचे पालुपद. परंतु हाच मजेसाठी पळणारा गृहस्थ ठरविलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर जादा लागले म्हणून सोमवारी कचेरीत सुतकी चेहऱ्याने बसलेला आढळतो, आणि ‘टायमिंग किती आलं?’ या साध्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी हवेतील दमटपणा, पाण्याच्या टेबलापाशी झालेली गर्दी आणि पोटरीत आलेला गोळा यांची साद्यंत कैफियत सादर करतो.

ही विसंगती ढोंगातून आलेली नाही. मौज आणि चुरस या दोन्ही प्रेरणा एकाच माणसात एकाच सकाळी प्रामाणिकपणे वास करू शकतात. अडचण उत्पन्न होते ती त्यांची हद्द आखलेली नसते म्हणून. या विषयावर जो उपदेश सामान्यतः केला जातो, तो दोन टोकांचा असतो. एक पक्ष म्हणतो, घड्याळ काढून ठेवा आणि निसर्ग पाहा. दुसरा म्हणतो, ध्येय नसेल तर पैसे भरून शर्यतीत येण्यापेक्षा बागेत फिरावे. मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. चुरस वजा केल्याने आनंद आपोआप वाढत नाही. चुरस कोणाशी करावयाची, कोणत्या मापाने करावयाची आणि शर्यतीच्या कोणत्या टप्प्यावर करावयाची, याची तजवीज नीट झाली की चुरशीतूनच मौजेचा मोठा वाटा येतो.

आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचा जो जुना आणि खात्रीलायक दाखला आहे, त्यात हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने मैदानी सामने भरविले, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना असे दिसले की, धावण्यास उतरलेली मुले बहुतेक शेतकरी कुटुंबांतील असून ती अनवाणी पळतात, आणि त्यांतील काहींच्या वेळा युरोपातील वेळांच्या जवळ जाणाऱ्या आहेत. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कानी त्यांनी ही गोष्ट घातली, आणि त्या खटपटीतून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचे छोटे पथक रवाना झाले. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन 42 किलोमीटर 750 मीटर अंतराची, म्हणजे पुढे 1921 साली प्रमाण ठरलेल्या 42.195 किलोमीटरपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिकच लांब होती. चौगुले यांनी ती 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक पटकाविला. त्या काळी जो शर्यतीत उतरे तो जिंकण्याच्या ईर्ष्येने उतरे, आणि ज्याला जिंकण्याची आशा नसे तो दोरीच्या अलीकडे उभा राहून टाळ्या वाजवी. हौशी धावक नावाचा तिसरा वर्ग अद्याप जन्मास यावयाचा होता.

तो जन्मास आला मुख्यतः अमेरिकेत, आणि जन्मतःच त्याचे जुन्या घराण्याशी वाजले. बॉस्टनची मॅरेथॉन 1897 पासून चालत आलेली, दरसालच्या शर्यतींत सर्वांत जुनी आणि म्हणून मानी. 1960 नंतरच्या दशकात तिच्याकडे येणाऱ्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली, तेव्हा व्यवस्थापकांनी 1970 साली असा नियम केला की, चार तासांच्या आत अंतर पुरे करण्याइतका सराव झाला असल्याची हमी प्रत्येक उमेदवाराने द्यावी. आणि ही शर्यत जॉगिंगवाल्यांसाठी नाही, अशी स्पष्ट समजही अर्जासोबत दिली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक नवी मॅरेथॉन सुरू झाली. तिच्यात 127 जण उतरले आणि 55 जणांनी ती पुरी केली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर या अमेरिकनाने मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकल्यावर त्या देशात पळण्याची जी लाट उसळली, तिने न्यूयॉर्कच्या शर्यतीला 1976 साली बागेतून काढून शहराच्या पाचही विभागांतून धावावयास लावले. बॉस्टनच्या नियमाचे पुढे काय झाले ते मोठे गमतीचे आहे. हौशी मंडळींना बाहेर ठेवण्यासाठी उभारलेली ती भिंत वय आणि लिंग यांप्रमाणे कमीजास्त उंचीची करण्यात आली, आणि तीच ओलांडणे हे जगभरच्या हौशी धावकांचे स्वप्न होऊन बसले. ‘बीक्यू झालं का?’ म्हणजे बॉस्टनसाठी पात्रतेची वेळ आली का, हा प्रश्न आज पुण्या-मुंबईच्या धावकांतही विचारला जातो. आणि त्यापायी चार-चार वर्षे पहाटे उठणारी मंडळी पाहिली की, मनाईहुकमासारखे प्रलोभन नाही असे वाटू लागते.

चुरशीचा काटा मुद्दाम काढून टाकण्याचे प्रयोगही थोडे झालेले नाहीत. 1938 साली क्वालालंपूर येथे काही इंग्रज अंमलदारांनी व व्यापाऱ्यांनी ‘हॅश हाउस हॅरियर्स’ हे मंडळ काढले. त्यांची युक्ती अशी की, एकाने पुढे जाऊन रानातून खुणा टाकीत जावे, मध्येच खोट्या वाटाही आखाव्यात आणि बाकीच्यांनी माग काढीत यावे. जो वेगाने पुढे जाई तोच खोट्या वाटेवर फसे. तो परत फिरेपर्यंत मागचे सुटलेले, घामाघूम झालेले सभासद त्याला गाठीत. वेगवानाला दंड आणि मंदाला सवलत देणारी, आणि अखेरीस सर्वांना एकदमच बिअरच्या पिंपापाशी आणून सोडणारी अशी ही रचना होती. फ्रान्सच्या मेडॉक प्रांतात 1985 पासून द्राक्षमळ्यांतून जी मॅरेथॉन होते, तिच्यात धावक नाना सोंगे घेऊन येतात, वाटेत ठिकठिकाणी मद्याचे पेले आणि अखेरच्या टप्प्यात कालवेही वाढली जातात; साडेसहा तासांची मुदत मात्र तेथेही आहे, आणि पेल्यांचा मोह व मुदतीचा धाक यांची ओढाताण हाच त्या शर्यतीचा खरा खेळ आहे. मुंबईतील ‘ड्रीम रन’ याच कुळातली: सुमारे सहा किलोमीटरांची, वेळ न मोजणारी, फलक, घोषणा आणि वेषांतरे यांनी गजबजलेली. ती मला प्रिय आहे. पण तिला जत्रा म्हणावे, शर्यत म्हणू नये.

या प्रयोगांत सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोग लंडनच्या बुशी पार्कचा. तेथे 2 ऑक्टोबर 2004 रोजी पॉल सिंटन-हेविट यांनी तेरा धावकांना जमवून पाच किलोमीटरांची साप्ताहिक धाव सुरू केली. तीच पुढे ‘पार्करन’ या नावाने देशोदेशी पसरली. प्रवेशशुल्क नाही, इनाम नाही. दर शनिवारी सकाळी स्वयंसेवकांच्या बळावर सारा कारभार चालतो, आणि एक स्वयंसेवक सर्वांच्या मागून चालत येतो, त्यामुळे शेवटचा क्रमांक नेहमी त्याचाच लागतो व इतर कोणाच्याही वाट्याला ती नामुष्की येत नाही. ही शर्यत नव्हे, असे चालक पहिल्यापासून सांगत आले. तरीही वेळ मोजली जाते आणि प्रसिद्ध होते. 2024 च्या फेब्रुवारीत चालकांनी सर्वांत वेगवान धावकांच्या विक्रमांच्या याद्या काढून टाकल्या. नवख्यांना त्यांची धास्ती वाटू नये, हा हेतू. त्यावर जो गहजब झाला तो पाहण्यासारखा होता. मजेसाठी येणाऱ्यांनीच, जणू आपली वडिलोपार्जित इस्टेट जप्त झाली अशा आवेशाने, अर्ज-विनंत्यांचा वर्षाव केला. प्रत्येकाची स्वतःची वेळ तर पूर्ववत मिळतच होती. मग तक्रार कसली? माझी समजूत अशी आहे की, ज्याच्याशी आपली बरोबरी कधीच होणार नाही असा वेगवान माणूस त्याच मार्गावरून, त्याच चिखलातून पळाला होता, ही जाणीव सामान्य धावकाला हवी असते. मौजेचा एक अंश तीत असतो.

या दोन प्रेरणांचा मेळ घालणारी सर्वांत समंजस व्यवस्था मात्र मला एका अत्यंत कठोर शर्यतीत दिसते. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांदरम्यान धावली जाणारी ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’ ही नावाने मॅरेथॉन, पण अंतर नेहमीच्या मॅरेथॉनच्या दुपटीहून अधिक, सुमारे 89 किलोमीटर. आणि एके वर्षी समुद्रकाठाहून चढत, तर बहुधा दुसऱ्या वर्षी डोंगराकडून उतरत, असा तिचा शिरस्ता. (पीटरमॅरिट्झबर्ग हे नाव आपल्या वाचकांना दुसऱ्या कारणाने परिचित आहे: 1893 साली तेथील स्थानकावर गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरविण्यात आले होते.) पहिल्या महायुद्धात लढून आलेले व्हिक क्लॅपहॅम यांनी, युद्धात पडलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे न करता सहनशक्तीचे करावे, या कल्पनेने माजी सैनिकांच्या संघाकडे परवानगी मागितली, ती अनेकदा नाकारली गेली आणि अखेर 24 मे 1921 रोजी शर्यत झाली. 34 जण निघाले, 16 पोहोचले. पहिले आलेले बिल रोवन यांना 8 तास 59 मिनिटे लागली.

आता तेथील पदकांची व्यवस्था पाहा. पहिल्या दहा पुरुषांना व पहिल्या दहा स्त्रियांना सुवर्णपदक. हा निव्वळ क्रमांकाचा मामला. त्याखाली मात्र क्रमांक संपतो आणि मुदत सुरू होते. सहा तासांच्या आत येणाऱ्यास वॉली हेवर्ड यांच्या नावाचे पदक, साडेसात तासांच्या आत येणाऱ्या पुरुषांना रौप्य, नऊ तासांच्या आत बिल रोवन पदक, दहाच्या आत रॉबर्ट मत्शाली पदक, अकराच्या आत कांस्य, आणि बारा तासांच्या आत येणाऱ्या प्रत्येकास व्हिक क्लॅपहॅम पदक. प्रत्येक पायरीवर एक माणूस उभा आहे, आणि प्रत्येकाचा तेथे उभे राहण्याचा हक्क आहे. नऊ तासांची मर्यादा कोणा समितीला सोयीची वाटली म्हणून आली नाही; आजचा एखादा हौशी धावक 8 तास 58 मिनिटांत पोहोचला, तर तो 1921 च्या विजेत्याला हरवितो, शंभर वर्षांचे अंतर ठेवून का होईना! मत्शाली हे 1935 साली या मार्गावर साडेनऊ तासांत धावलेले कृष्णवर्णीय धावक. त्या वेळच्या वर्णद्वेषी नियमांमुळे त्यांची अधिकृत नोंद झाली नाही, आणि कृष्णवर्णीयांना तसेच स्त्रियांना या शर्यतीचे दार उघडावयास 1975 साल उजाडावे लागले. 2019 पासून दिल्या जाणाऱ्या त्यांच्या नावाच्या पदकाने ती थकबाकी थोडीफार फेडली, असे म्हणता येईल.

वॉली हेवर्ड यांची कथा तर या विषयाला फारच उपयोगी आहे. 1930 साली, एकविशीत, त्यांनी ही शर्यत जिंकली. नंतर 1950 ते 1954 या काळात आणखी चार वेळा. असा पाच वेळचा विजेता 1988 साली, वयाच्या 79 व्या वर्षी, पुन्हा उतरला व 9 तास 44 मिनिटांत पोहोचला. आणि पुढच्या वर्षी, ऐंशी वर्षांचा असताना, त्या वेळच्या अकरा तासांच्या मुदतीला दोन मिनिटेही उरली नव्हती तेव्हा अडखळत रेषा ओलांडता झाला. विजेता म्हणून कीर्ती कमावून बसलेल्या माणसाला शेवटच्या पदकासाठी धडपडताना लाज वाटली नाही, याचे श्रेय त्याच्या स्वभावाइतकेच त्या व्यवस्थेलाही आहे. ही शर्यत रुक्ष आहे असे मात्र कोणी समजू नये. आरंभी ध्वनिक्षेपकावरून कोंबड्याची बांग ऐकविली जाते. मॅक्स ट्रिम्बॉर्न नावाच्या एका धावकाने 1948 साली धीर एकवटण्यासाठी तोंडाने घातलेल्या बांगेची ती परंपरा. ठराविक वेळेत पोहोचविणाऱ्या म्होरक्याच्या मागे जो घोळका गात-बोलत चालतो, त्याला तेथे ‘बस’ म्हणतात. आणि बारा तास पुरे होताच एक अधिकारी धावकांकडे पाठ करून बंदूक झाडतो. पाठ अशासाठी की, दोन पावलांवर आलेल्या माणसाचा चेहरा पाहून त्याचे बोट चापावर घुटमळू नये. त्या दोन पावलांच्या माणसाला काहीही मिळत नाही. दया नाही म्हणूनच त्या पदकाला किंमत आहे.

बाहेरून दिलेल्या बक्षिसाने आतला आनंद आटतो, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात, आणि त्यांच्यापाशी पुरावा आहे. 1971 साली एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवावयास दिली; ज्यांना मध्यंतरी पैसे देण्यात आले, त्यांनी पैसे बंद झाल्यावर फावल्या वेळात कोड्यांकडे कमी लक्ष दिले. दोन वर्षांनी बालवाडीतील मुलांवर केलेल्या प्रयोगात, चित्र काढण्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, त्या मुलांची चित्रांची गोडी पुढे कमी झालेली दिसली. हे निष्कर्ष पाहून शर्यतीची पदके वितळवून टाकावी, असे कोणाला वाटेल. परंतु धावकाची वेळ हे केवळ बक्षीस नसते, ती बातमीही असते: गेल्या सहा महिन्यांच्या पहाटांचे काय झाले, याची. ज्या खेळात आपण सुधारतो आहोत असे दिसते, त्या खेळाची गोडी वाढते, हेही त्याच शास्त्राचे म्हणणे आहे. घात होतो तो बातमीचे रूपांतर निकालपत्रात झाले म्हणजे.

ते रूपांतर किती सहज होते, याचा एक नमुनेदार पुरावा अर्थशास्त्रज्ञांनी गोळा केला आहे. मॅरेथॉन पुरी केलेल्या जवळजवळ एक कोटी नोंदी त्यांनी तपासल्या. शरीराला पूर्ण तासांची काही माहिती नसते, तेव्हा वेळांचा आलेख गुळगुळीत टेकडीसारखा यावयास हवा. प्रत्यक्षात तो तीन, साडेतीन, चार अशा आकड्यांपाशी कड्यासारखा तुटतो. चार तासांना मिनिटभर कमी असताना पोहोचणाऱ्यांची दाटी होते आणि चार तासांवर मिनिट उलटल्यावर येणारे एकाएकी विरळ होतात. शेवटच्या दोन किलोमीटरांत, जेथे बहुतेक सर्वजण मंदावतात, तेथे मर्यादेच्या काठावरचे धावक कोठून तरी बळ काढतात. म्हणजे आकडा पोकळ असला तरी त्याने काढलेले बळ खरे आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी: चार तास एक मिनिट आणि तीन तास एकोणसाठ मिनिटे यांत शरीरधर्माच्या दृष्टीने काडीचा फरक नसताना, एकाला पेढे वाटावेसे वाटतात व दुसऱ्याला फोन बंद ठेवावासा वाटतो.

म्हणून जाणते शिक्षक एकाऐवजी दोन-तीन उद्दिष्टे पदरी बांधून घ्या म्हणतात: हवा थंड आणि पोट ठीक असेल तर ही वेळ, नाही तर ती, आणि सगळेच फिसकटले तर धडपणे पुरे करणे. ही पळवाट आहे, असा आक्षेप येतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. मुंबईच्या जानेवारीत सकाळी नऊनंतर जे ऊन आणि जी दमट हवा असते, तिच्यापुढे डिसेंबरात कागदावर केलेला एकच करार कितपत टिकेल, हे तेथे धावलेल्या कोणासही विचारावे.

शरीराचा हिशेबही मौजेच्या बाजूने साक्ष देतो, आणि हा भाग नवख्यांना पटविणे सर्वांत कठीण जाते. स्नायूंत व यकृतात साठविलेली पिष्टशर्करा, म्हणजे ग्लायकोजेन, सामान्यतः दोन हजार कॅलरींच्या आसपास असते. पळताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी खर्च होते. तेव्हा साठ किलोच्या माणसाला किलोमीटरमागे साठ कॅलरी लागतात आणि केवळ या साठ्यावर तो तेहतिसाव्या किलोमीटरच्या सुमारास रिकामा होतो. धावक जिला ‘वॉल’ म्हणतात, ती भिंत बहुधा तिसाव्या किलोमीटरनंतर आडवी येते, ती यामुळे. सुदैवाने शरीर चरबीही जाळते. परंतु वेग जितका जास्त तितका शर्करेचा वाटा मोठा. आरंभीच्या दहा किलोमीटरांत ढोलताशे, टाळ्या आणि शेजारच्याची पाठ यांच्या भरात जो उधळपट्टी करतो, तो हे कर्ज शेवटच्या दहा किलोमीटरांत सव्याज फेडतो. पूर्वार्ध आवरून आणि उत्तरार्ध त्याहून किंचित वेगाने धावणे ही उत्तम वेळेची किल्ली आहे, असे सर्व अनुभवी धावक सांगतात. स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक समगतीने धावतात असे अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे, आणि त्याचे एक कारण पुरुषांचा फाजील आत्मविश्वास असावा, हे ऐकून कोणा गृहिणीला नवल वाटणार नाही.

याचा अर्थ असा की, पहिल्या अर्ध्या भागात मौज करणे हीच चुरशीची तयारी होय. ज्या पहाटे मरीन ड्राइव्हवर समुद्राचा वारा लागतो, जेव्हा शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता येतात, तेव्हा ती बोलावी. दोन वाक्ये बोलता येत नसतील तर वेग जास्त झाला आहे, असे खुशाल समजावे. घड्याळाकडे पाहावयाचे दिवस पुढे आहेत. वर्षानुवर्षे मुंबईच्या मार्गात पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय जड झाल्यावर येत आला आहे. तेथे रस्त्याच्या कडेला लोक वाटीत मीठ, संत्र्याच्या फोडी, चिक्की घेऊन उभे असतात, कोणी दुखऱ्या पोटरीवर फवारा मारून देतो, एखादी आजी क्रमांकाखाली छापलेले नाव वाचून ‘चल बाळा, थोडंच राहिलं’ असे धडधडीत खोटे बोलते. आणि पाठीवर वेळेचा झेंडा बांधलेला पेसर आपल्या कळपाला हाकत बाजूने पुढे जातो. तो झेंडा नजरेआड होऊ द्यावयाचा की नाही, एवढाच त्या क्षणी प्रश्न असतो. चुरस करावयाची जागा ती. पूर्वार्ध उधळलेल्या माणसाला तो प्रश्नच पडत नाही, कारण त्याचे उत्तर त्याच्या पायांनी आधीच दिलेले असते.

वयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. चाळिशीपर्यंत ‘पर्सनल बेस्ट’, अर्थात स्वतःची सर्वोत्तम वेळ, सुधारत जाणे हे बहुतेकांचे ब्रीद असते. उशिरा आरंभ करणाऱ्याला पन्नाशीपर्यंतही ते पुरते. नंतर मात्र मनुष्य कितीही सराव करो, वेळ वाढतच जाते, आणि स्वतःशीच केलेली स्पर्धा रोज हरावी लागते. यावर वयोमानानुसार गुणांकनाची पद्धत आहे: प्रौढांच्या क्रीडासंघटनेने वय, लिंग आणि अंतर यांप्रमाणे प्रमाणवेळा ठरविल्या आहेत, आणि आपली वेळ त्या वयाच्या प्रमाणवेळेशी ताडून शेकड्यात गुण मिळतात. साठीतला धावक आपल्या पुत्रापेक्षा वीस मिनिटे मागून येऊनही गुणांत त्याच्या पुढे असू शकतो. घरात शांतता राखण्यासाठी हे कोष्टक चिरंजिवांस दाखवावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मात्र ‘मजा घ्या, क्रमांकाचे काय’ हे वाक्य उच्चारताना समोर कोण आहे, याचे भान असावे. बारामतीच्या लता भगवान करे या, साठी ओलांडलेल्या असताना, 2013 साली नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या. पतीच्या उपचारांसाठी त्यांना बक्षिसाची रक्कम हवी होती. पुढे त्यांच्यावर चित्रपटही निघाला व त्यात त्यांनी स्वतःच काम केले. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये सलग तीन वर्षे भारतीय स्त्रियांत पहिली आली, आणि नंतर स्टीपलचेसकडे वळून 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचली. अशांच्या बाबतीत बक्षीस हा आनंदाचा शत्रू नव्हे. ते औषध आहे, नोकरीची शिफारस आहे, तालुक्याच्या गावाहून पुण्याला जाण्याचे भाडे आहे. हौस ही चैन आहे. ज्यांना ती परवडते त्यांनी आपल्या निर्लोभतेचा फारसा टेंभा मिरवू नये, आणि पुढच्या रांगेत ज्यांचे पोट वेगावर आहे त्यांच्या वाटेत चौघे हातात हात घालून छायाचित्रे काढीत उभे राहू नये. सुरुवातीच्या रांगा वेळेप्रमाणे लावलेल्या असतात, त्या मोडून पुढे घुसणारे मौजवादी हे प्रत्येक शर्यतीतील दुखणे आहे.

सोबत धावण्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण मैत्रीत वितुष्ट येण्याचे ते एक हमखास साधन होऊन बसले आहे. 1981 साली लंडनच्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये अमेरिकेचा डिक बियर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमोन्सन हे दोघे शेवटपर्यंत एकमेकांस मागे टाकू शकले नाहीत, आणि त्यांनी हातात हात धरून 2 तास 11 मिनिटे 48 सेकंदांत एकदमच रेषा ओलांडली. हे दोघे कसलेले धावक होते आणि अखेरपर्यंत खऱ्या ईर्ष्येने लढले होते, म्हणून त्या हस्तांदोलनाला अर्थ आला. आपल्यासारख्यांनी पहिल्या किलोमीटरपासूनच तसा बेत करावयाचा असेल तर तो आदल्या दिवशी स्पष्ट बोलून करावा. ‘एकत्रच जाऊ’ असे म्हणून निघालेला मित्र विसाव्या किलोमीटरला ‘तू हो पुढे’ म्हणतो, तेव्हा त्याला खरोखर काय म्हणावयाचे असते, हे ओळखणे कठीण. पुढे गेले तरी राग, न गेले तरी उपकार. पतिपत्नींच्या बाबतीत तर करार लेखी असावा, असे सुचविण्याचा मोह होतो.

वर्षात कोणत्या शर्यती वेळेसाठी आणि कोणत्या केवळ हिंडण्यासाठी, याची वाटणी आधीच केलेली बरी. सपाट, थंड आणि नीट मोजलेल्या मार्गाची एखादी पहिल्या यादीत घालावी आणि बाकीच्या दुसऱ्या यादीत. दुसऱ्या यादीसाठी डोंगरी शर्यतींसारखे स्थान नाही. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून पावसाळ्याच्या उतरणीला भरते. शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर चढावयाचे आणि त्याच वाटेने उतरावयाचे. धुके, भुरभुर पाऊस, वळणावळणावर ओघळ, आणि चढावर भलेभले चालू लागलेले. येथे आलेली वेळ मुंबईच्या अथवा पुण्याच्या वेळेशी ताडून पाहण्यात काही अर्थ नसतो. घाटाची वेळ फक्त त्याच घाटाच्या गेल्या वर्षीच्या वेळेशी जुळविता येते. त्यामुळे सपाटीवर सेकंदासाठी झुरणारी माणसे येथे निर्धास्त होतात, आणि गंमत अशी की, उतारावर तीच माणसे, घड्याळ विसरून, पुढच्या अनोळखी पाठीला गाठण्यासाठी पोराटोरांसारखी सुसाट सुटतात. खाली शहरात शिरल्यावर आपण कोणाला मागे टाकले व कोणी आपल्याला, याची चर्चा चहा होईपर्यंत चालते, आणि वेळ किती आली हे विचारावयाचे पुष्कळदा राहूनच जाते.